चक्क्याचं फडकं

नळाला टांगलेल्या पुरचुंडीतून तपकिरी थेंब पातेल्यात पडत होते. संताजी खाटेवरून बघत होता.

"यामिनी, श्रीखंड काळं कसं गं आज?" त्याचे शब्द हल्ली अर्धे तोंडातच राहायचे.

"कॉफी आहे हो. सुरभीनं फोनवर सांगितलं ना, जाड पूड थंड पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवायची, मग गाळायची. गॅस लावायचाच नाही."

"वा भिया! आपली पोरगी कॉफीचं अचार घालायला शिकली," त्यानं माळवी ढंगात दाद दिली.

यामिनी हसली. जिभेला रेडिएशन दिल्यापासून त्याला गरम काही सोसत नव्हतं. एरवी परदेशीपुऱ्यातल्या या घरात दिवस उजाडायचा तो त्याच्या वाफाळत्या कॉफीनं. आता वजन सारखं उतरत होतं. असंच चाललं तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून संताजी ताटाचं कौतुक करू लागला. चव परत येतेय म्हणायचा. "जीरावन मसाला काय मस्त पडलाय पोह्यांवर!" खायचा मात्र दोन घास. तरी तिनं आनंदानं सुरभीला कळवून टाकलं होतं.

तिनं ग्लास त्याच्या हातात दिला. डोळे मिटून त्यानं कष्टानं एक घोट गिळला.

"क्या बात है! वेलची घातलीस ना? साखरही अगदी बरोबर."

तिनं दोन्हींतलं काहीच घातलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं पातेल्यातली कॉफी चाखली. खारट, नुसती खारट. आंबट वास जावा म्हणून चक्क्याचं फडकं ती मिठाच्या पाण्यात घालून ठेवायची. आज घाईत ते तसंच पिळून घेतलं होतं.

ती परत आली तेव्हा तो आणखी एक घोट गिळत होता.

"अहो, राहू द्या. खारट झालीय. फडकं धुवायचं राहिलं."

संताजीनं ग्लास खाली घेतला.

"बहुत खारट?"

"बरीच."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "उद्या डॉक्टरांना फोन कर. नळीचं विचार."

आणि ग्लास पुन्हा तोंडाला लावला.

यामिनीनं पातेल्यातली उरलेली कॉफी दुसऱ्या ग्लासात ओतली, खाटेवर त्याच्या शेजारी बसली आणि तोंड वाकडं न करता पिऊ लागली.