टिल्लूचं वाक्य

बेल वाजली तशी मास्तरांनी दारातले छोटे बूट उचलून वॉशिंग मशीनच्या मागे टाकले. बेसिनवरचा सगळ्यात लहान दातांचा ब्रश खिशात घातला, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेलं इवलंसं बनियन सोफ्याच्या उशीखाली कोंबलं, आणि टिल्लूला हाक मारायला तोंड उघडलं. पण टिल्लूचं कपाटात शिरूनही झालं होतं. आतून दार ओढून घेतल्याचा आवाज तेवढा आला. चार वर्षांचं पोर, पण या कामात इतकं तरबेज झालं होतं की आता त्याला काही सांगावंच लागत नसे.

"या ना, या," मास्तर दार उघडत म्हणाले. परक्या भाषेत त्यांना एवढं मात्र अगदी अस्खलित जमलं होतं.

खालच्या मजल्यावर राहणारी घरमालकीण हीटरचा आवाज ऐकायला आली होती. बाई उंच, वयस्क, आणि कानाने भलतीच तिखट. तिने भिंतीतल्या पाइपला कान लावला. मग जरा सरकून, कपाटाच्या अगदी शेजारी, पुन्हा लावला.  टिल्लूची थोरली बहीण, ताई, टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. वाचत कसली होती, मघापासून एकाच पानाकडे डोळे लावून होती.

"आवाज नाही," बाई म्हणाली.

"नाही ना? मलाही तेच वाटलं," मास्तर म्हणाले. हीटरची तक्रार त्यांनीच केली होती, हे ते पार विसरले.

बाईने खोलीभर नजर फिरवली. "तुमचं घर शांत असतं. आधीच्या लोकांची दोन पोरं होती. माझ्या डोक्यावर नुसती नाचायची." ताईच्या डोक्यावरून तिने ओझरता हात फिरवला आणि ती गेली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. कपाटाचं दार किलकिलं झालं.

"बाबा, मी जिंकलो?"

"जिंकलास रे बाबा, जिंकलास."

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. आपल्याकडे असताना ते गणिताचा क्लास चालवायचे, म्हणून गल्लीत सगळे मास्तर म्हणायचे, आणि ते ऐकून ऐकून बायकोही तेच म्हणायला लागली. बायको ऑपरेशन थिएटरातली नर्स. तिला परदेशातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली आणि मास्तरांनी क्लासला कुलूप लावलं. "तू नोकरी कर, मी घर आणि पोरं बघतो, त्यात काय एवढं," असं मोठ्या रुबाबात म्हणाले होते. त्यात काय एवढं, ते इथे आल्यावर कळलं.

झालं असं, की ज्या शाळेत पोरांना घालायचं ती शाळा फक्त आसपासच्या ठरावीक गल्ल्यांमधल्या मुलांनाच घ्यायची. म्हणजे आधी घर, मग शाळा. आणि त्या गल्ल्यांमध्ये घर शोधता शोधता मास्तरांच्या नाकी नऊ आले. एक घर बघावं तर तिथे चार पायऱ्यांचा लाकडी जिना आणि कठडा गायब. दुसरं बघावं तर मालक पोरांकडे असा बघणार, जणू ही दोघं आत्ताच भिंतीवर रेघोट्या ओढणार आहेत. शेवटी हे घर सापडलं. उजेडाचं, शाळेच्या मागच्याच गल्लीत. पण जमीन लाकडी आणि मालकीण खाली राहणारी. तिची अट एकच: एकच मूल, आणि तेही कळत्या वयाचं.

घर दाखवणारा एजंट मास्तरांना जिन्यात बाजूला घेऊन म्हणाला, "बघा, काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मास्तरांनी ठरवलं. आपल्याकडे काय असतं? एकदा घरात शिरायचं. दोन-चार महिने जाऊ द्यायचे, घरमालकाशी ओळख वाढवायची, काही गोडधोड नेऊन द्यायचं. मग हळूच सांगायचं, की अहो, हाही आमचाच. तोवर माया जडलेली असते, कोण कशाला हाकलतंय! मास्तरांचा अख्खा जन्म असल्या शेजारधर्मात गेला होता.

बायकोला ते पटलं नव्हतं. "आपलं पोर काय चोरीचा माल आहे?" ती म्हणाली होती.

"अगं, तात्पुरतं गं. ओळख होऊ दे, मी सांगतो."

ओळख काही होईना. बाई गोडाचा डबा घ्यायची, धुऊन परत द्यायची, आभार मानायची आणि दार लावून घ्यायची. ताईची शाळा मात्र झकास सुरू झाली. तिला शाळेच्या पोहण्याच्या तासाला घातलं, मैत्रिणी मिळाल्या, ती आपली खुशीत. टिल्लू दिवसभर घरात, तोही चवड्यांवर चालत. घरातले सगळेच मोजे घालून, मांजराच्या पावलांनी वावरायचे.

एकदा मात्र पंचाईत झाली. मास्तर टिल्लूला बागेत न्यायला निघाले आणि जिन्यातच बाई समोर. मास्तर पटकन म्हणाले, "मित्राचा मुलगा. खेळायला येतो." बाई वाकून टिल्लूला काहीतरी विचारायला लागली. टिल्लू बाबांच्या पायामागे लपला आणि निभावलं.

पण पुढच्या वेळी निभावेलच असं नाही. त्या संध्याकाळी मास्तरांनी टिल्लूला समोर उभं केलं आणि इथल्या भाषेतलं एक वाक्य शिकवायला घेतलं: मी इथे राहत नाही. पाठ करून घेणं हा तर मास्तरांचा धंदाच. पाढे म्हणून घ्यावेत तसं त्यांनी ते म्हणून घेतलं. हात सरळ, मान वर, उच्चार स्वच्छ. टिल्लूला तर मजाच वाटली. इथल्या भाषेतलं त्याचं हे पहिलंच वाक्य. म्हटलं की बाबा टाळ्या वाजवतात, उचलून घेतात. मग तो ते अंघोळ करताना म्हणू लागला, बिस्किटाला सांगू लागला, खिडकीतल्या कबुतराला ऐकवू लागला.

बायको ड्यूटीवरून आली तेव्हा तो दारातच उभा होता. तिच्याकडे बघून त्याने ऐटीत म्हणून दाखवलं, "मी इथे राहत नाही."

बायकोने पर्स खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला. "मास्तर, हे तू शिकवलंस?"

"वेळ मारून न्यायला गं. विसरेल तो."

"तू शिकवलेलं कोणी विसरत नाही, तीच तर पंचाईत आहे," ती म्हणाली आणि टिल्लूला उचलून आत घेऊन गेली. त्या रात्री ती मास्तरांशी बोलली नाही. मास्तरही कूस बदलत राहिले. आपण लेकराला काय करून ठेवलंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सांगायचं धाडस होईना. बाईने घर सोडा म्हटलं तर घर जाईल, घराबरोबर ताईची शाळा जाईल, आणि पुन्हा दोन पोरांना घेऊन दारोदार हिंडावं लागेल.

अशातच शाळेतून निरोप आला, की धाकट्यासाठी शिशुवर्गात एक जागा रिकामी झाली आहे. मास्तरांनी त्या जागेसाठी शाळेचा पिच्छा पुरवला होता. टिल्लू शाळेत गेला, की दिवसा तरी त्याला पळता येईल, ओरडता येईल, मोठ्याने हसता येईल. पण शाळेची एक पद्धत होती. मूल वर्गात घेण्याआधी वर्गाची बाई त्याच्या घरी येऊन भेटून जायची. परीक्षा वगैरे काही नाही. थोड्या गप्पा मारायच्या, मूल कुठे झोपतं, कशाशी खेळतं ते बघायचं, आणि ते खरंच याच गल्लीत राहतं ना याची खात्री करायची.

मास्तरांनी डोकं चालवलं. घरमालकीण दर बुधवारी दुपारी बहिणीकडे जायची. त्यांनी शिक्षिकेला नेमकं बुधवारी दुपारीच बोलावलं.

बुधवारी टिल्लूचे बूट दारात राजरोस मांडले. ब्रश कपात उभा राहिला. टिल्लूला नवा शर्ट घातला, भांग पाडला आणि खुर्चीवर बसवलं.

"आज लपायचं नाही हं," मास्तर म्हणाले. "आज शाळेच्या बाई येणार आहेत. हसायचं, हात मिळवायचा."

"आणि जिंकायचं कसं?"

"आज खेळ नाही रे."

बेल वाजली. टिल्लू खुर्चीवरून अर्धा उठला, मग आठवण होऊन परत बसला. जिन्यावर पावलं वाजली. ताई दाराला कान लावून उभी होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दोघीजणी आहेत."

मास्तरांनी दार उघडलं. पुढे तरुण शिक्षिका, गळ्यात जाडजूड मफलर, तोंडभर हसू. मागे घरमालकीण. बहिणीला सर्दी झाली होती म्हणून ती आज गेलीच नव्हती. खाली दारात पाहुणी घुटमळताना दिसली, तशी तिला वर घेऊन आली.

"शाळेच्या बाई आहेत, म्हणतात तुमच्या मुलाला भेटायचंय," घरमालकीण म्हणाली. "मी म्हटलं, मुलगा नाही, मुलगी आहे."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.  तेवढ्यात शिक्षिका आत शिरली आणि टिल्लूसमोर गुडघ्यांवर बसली.

"तू होय! मी केव्हाची तुला भेटायचं म्हणत होते. हे तुझं घर ना? छान आहे हं."

तिचं बोलणं टिल्लूला कितपत कळलं कोण जाणे. त्याने हात पुढे केला होता, हसलाही होता. पण तेवढ्यात त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे घरमालकिणीवर गेली. तो खुर्चीवरून उतरला. हात सरळ केले, मान वर केली, आणि खणखणीत आवाजात, एकही अक्षर न चुकता म्हणाला,

"मी इथे राहत नाही."

आणि बाबांकडे बघून हसला.

शिक्षिकेला गंमत वाटली. "असं का? मग कुठे राहतोस?"

त्याचं उत्तर टिल्लूला कोणी शिकवलेलं नव्हतं. तो गोंधळला. सदऱ्याचं टोक त्याने मुठीत धरलं आणि मराठीत विचारलं,

"बाबा, कुठे म्हणून सांगू?"

 ताईने मान खाली घातली.

"काय म्हणतोय तो?" घरमालकिणीने विचारलं.

आता काहीही सांगता आलं असतं. दोघींनाही मराठीचं अक्षर कळत नव्हतं. लाजतोय म्हणावं, भूक लागलीय म्हणावं, बाकीचं उद्या निस्तरावं. मास्तरांच्या ओठांवर ते आलंही होतं. टिल्लू उत्तराची वाट बघत त्यांच्याकडे बघत होता.

"तो विचारतोय," मास्तर म्हणाले, "की मी कुठे राहतो म्हणून सांगू."  "माझा मुलगा आहे. धाकटा. पहिल्यापासून इथेच आहे. ते वाक्य मी शिकवलं त्याला. तुमच्यासाठी."

घरमालकिणीला कळायला वेळ लागला. "तो मित्राचा मुलगा?"

"हाच."

"आणि मी वर यायचे तेव्हा?"

 ताईने कपाटाकडे बोट केलं.

बाई कपाटाशी गेली. दार उघडून बघितलं. कोटांच्या खाली एक घडी घातलेली चादर होती आणि बिस्किटाचा चुरा होता.  वळली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माझ्या घरात?" ती म्हणाली. "माझ्या घरात एक लेकरू कपाटात बसवलंत? मला काय समजलात तुम्ही?"

"चुकलं माझं."

"तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे. आणि गोड बोलणार नाही." मग ती शिक्षिकेकडे वळली. "घर माझं आहे. हा मुलगा इथे राहतो. शाळेला सांगा, मालकिणीनेच सांगितलं म्हणून."

शिक्षिकेने मान डोलावली. ती अजून जमिनीवरच बसली होती आणि कोणाकडे बघावं ते तिला कळत नव्हतं.

घरमालकीण खुर्चीला धरून, कण्हत, टिल्लूसमोर वाकली. प्रत्येक शब्द सुटा सुटा करत म्हणाली,

"तू इथे राहतोस."

सगळे शब्द टिल्लूच्या ओळखीचे होते, त्यामुळे त्याला ते कळलं. पण तो हसला नाही. मागे सरकत सरकत तो बाबांपाशी आला, त्यांचं बोट धरलं आणि मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. खरं काय ते तो अजूनही बाबांनाच विचारत होता.