घ वरचा रफार

"काऊन बोलावलं असंल बे मले?" मोटारसायकलवरून उतरता उतरता संघर्षनं तिसऱ्यांदा विचारलं.

"कलेतलं करिअर सांगाले. पत्रिकेत छापलं नाई का?" गाडी चालवणारा दोस्त भागवत वैतागला. "मोताळ्यापासून डोकं खाऊन राह्यला. जाय ना आत!"

"मले इच्यारतेत करिअर? आधी भिताडं पाह्य."

बुलढाण्याच्या त्या कॉलेजच्या भिंती नुकत्याच पांढऱ्या केल्या होत्या. एकीवरही अक्षर नव्हतं. सव्वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाला कोरी भिंत काय म्हणते ते बरोबर कळतं. आधी गळ्यात हार, मग फुकटात सुविचार. याच कॉलेजात शिकत होता तेव्हा तरी वेगळं काय झालं? तीन वर्षं कॉलेजचे सगळे फलक त्यानं लिहिले. खाली कोपऱ्यात त्याचं नाव एकदाही टाकू दिलं नाही. आज ते पहिल्यांदा स्टेजवर लागणार होतं. इस्त्रीचा सदरा त्याच्यासाठीच होता. भागवतला हे सांगितलं नव्हतं, एवढंच.

सभागृहात शिरला आणि थबकला. स्टेजमागं भलं मोठं फ्लेक्स. ज्या फ्लेक्सनं धंदा गिळला, त्याच्यावरच सत्कार! आणि खालच्या ओळीत, वीतभर अक्षरांत: 'प्रमुख वक्ते, चित्रकार संर्घष'.

रफार घ वर.

मुद्दाम केलं, दुसरं काय! प्राचार्य उत्तमराव तेव्हा मराठी शिकवायचे. हजेरी घेताना त्याच्या नावाशी थांबायचे. "कशाचा रे बाबा तुझा संघर्ष? फी माफ, पुस्तकं फुकट!" आणि वर्ग हसायचा.

तो माईकपाशी गेला.

"माहं नाव चुकलं हाय."

उत्तमराव खुर्चीतूनच हसले. "अहो, भावना समजून घ्या."

"सर, माह्या बापाले सही येत नव्हती. बाप मानिकराव आंगठा द्याचा. सभेत ऐकलेला शब्द त्यानं पोराले दिला. आंगठेवाल्यानं नाव बरोबर ठेवलं, लिहिनाऱ्यायनं चुकवलं."

त्यानं खडू घेतला, बाजूच्या फळ्यावर नाव लिहिलं.

"र आधी तोंडात येते, मंग ष. म्हनून रफार ष च्या डोक्यावर. माही कला म्हनसान तं एवढीच. दुसऱ्याचं नाव जपून लिवाचं. श्रद्धांजलीच्या पाटीवर मेलेल्याचंबी."

टाळ्या वाजल्या. तो उतरला तशा अश्विनी मॅडम डोळे पुसत समोर आल्या, मराठीच्या नव्या प्राध्यापिका.

"सर, मुद्दाम नाही हो. मीच टाईप केलं ते. मला... असंच लिहितात वाटलं."

संघर्षच्या तोंडात शिवी तयार होती, ती गिळावी लागली. कपटाशी माणूस भांडतो. मराठी शिकवणाऱ्या बाईला रफार येत नाही, आणि तिला शिकवलं कोणी हे विचारायला गेलं तर रांग कुठवर जाईल?

"मॅडम, रडू नका. उद्या पोरायले बरोबर सांगजा."

तेवढ्यात उत्तमरावांचा हात खांद्यावर पडला. "पुढच्या महिन्यात कॉलेज तपासायला कमिटी येतेय. तेवढ्या भिंती बघा ना. आपलंच कॉलेज."

"फ्लेक्स लावा ना, सर."

फोटोसाठी सगळे स्टेजवर उभे राहिले. पेपरवाला खालून ओरडला, "ओ दादा, जरा उजवीकडं सरका! तुमचं डोकं तुमचंच नाव झाकून राह्यलं!"

"झाकू दे," संघर्ष म्हणाला, आणि मान आणखी ताठ केली.