एका शब्दात सांग

नगरसेवक विटलोंचं भाषण रोलंड पेटिग्रूने लिहिलं होतं, आणि त्यातला तो विनोद इतका फक्कड जमला होता की कचेरीत वाचून दाखवताना त्याचं त्यालाच हसू आवरेना. शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात, दोन्ही उमेदवारांच्या भर सभेत विटलोंनी तो टाकला.

"मिस ओपल टिब्जना आता नगरसेवक व्हायचंय. अनुभव काय बाईंचा? घडीच्या खुर्च्या मांडायच्या, कॉफी ठेवायची, आणि मग सगळ्यांना गोल उभं करून विचारायचं, 'एका शब्दात सांग बाळा, कसं वाटतंय?' उद्या गटार तुंबलं तर त्यालाही विचारतील, कसं वाटतंय रे तुला?"

तळघर खदाखदा हसलं. शिकागोच्या दक्षिण भागातली ही माणसं. त्यातली अर्धीअधिक कधी ना कधी मिस ओपलच्या गोलात उभी राहिलेली, तीही हसली. मिस ओपल मंचावर हात बांधून बसून राहिल्या. दुसऱ्या रांगेत रोलंडची आई व्हर्नेटा बसली होती. ती हसली नाही. तिने मान वळवली आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लेकाकडे पाहिलं.

रोलंडला आता कुठे उमगलं. विटलो त्या गोलात कधी उभेच राहिले नव्हते. तो प्रश्न त्यांना कुठून ठाऊक असणार? शहाण्या रोलंडने विनोद रंगवण्याच्या नादात आपली सही ठोकून ठेवली होती.

तो लहान असताना त्यांच्या इमारतीचा हीटर ऐन हिवाळ्यात बंद पडला होता. मालक दाद देत नव्हता. ओव्हनचं दार उघडं टाकून मायलेक स्वयंपाकघरात झोपायचे. तेव्हा भाडेकरूंना एकत्र करायला मिस ओपल दार वाजवत आल्या. आईने दार लावून घेतलं. त्या पुन्हा आल्या, पुन्हा आल्या. मालकाच्या कचेरीत सगळे भाडेकरू गेले, तेव्हा बोलायचं ठरलं होतं आईने, आणि ऐन वेळी तिच्या तोंडून शब्द फुटेना. मिस ओपलना सगळं पाठ होतं, तरी त्या मध्ये पडल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. आई बोलली. हीटर सुरू झाला. त्या दिवशी कचेरीबाहेर फुटपाथवर गोल झाला, रिवाजाप्रमाणे. प्रत्येकाने एकच शब्द सांगायचा, दुसऱ्याने वापरलेला चालणार नाही, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. आई म्हणाली होती, "उंच." त्या एका शब्दाचं रोलंडला तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं. आणि त्याचंच त्याने हसं केलं होतं.

सभा संपली. विटलोंनी जाताजाता त्याची पाठ थोपटली. "काय हाणलास रे!" रोलंड मागच्या दाराने सटकणार, तोच फुटपाथवरून आईची हाक आली.

"रोलंड, इकडे ये. गोल झालाय."

"आई, मला कामं आहेत."

"असू देत. ये."

दहा-बारा माणसं उभी होती. गार वारा होता. आईने त्याला ओढून आपल्या शेजारी उभं केलं. मिस ओपलनी नेहमीसारखंच विचारलं, "चला, एका शब्दात."

"दमलो," एक म्हातारा म्हणाला.

"संताप," त्याची बायको म्हणाली.

"भूक," कुणीतरी म्हणालं, तेव्हा मिस ओपलही हसल्या.

आईची पाळी आली. तिने रोलंडकडे पाहिलं नाही.

"लाज," ती म्हणाली.

रोलंडचा चेहरा तापला. त्याच्याजवळही तेवढा एकच शब्द होता, आणि तो आता गेला. सगळे त्याच्याकडे बघत होते. शब्द जुळवून पोट भरणाऱ्या माणसाला एक शब्द सापडेना. 'थंडी' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मिस ओपल थांबल्या होत्या, आईसाठी थांबल्या होत्या तशाच. घाई नाही, राग नाही.

"सांग बाळा," त्या म्हणाल्या.

"मी," रोलंड म्हणाला.

वाऱ्याने कुणाचा तरी रुमाल उडाला, तो उचलायला कुणी वाकलं नाही. का म्हणून कुणीच विचारलं नाही. मिस ओपलनी मान डोलावली आणि त्या त्याच्या पलीकडच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "तुझा?"