मेणाची दाढ

…दाढ बेसिनच्या काठावर ठेवलेली. दुधाची, खालची, मुळं विरून गेल्यामुळे खालून पोकळ, वरचे उंचवटे घासून बोथट झालेले, आणि गालाकडच्या अंगाला, अगदी बुडाशी, ती फुगीर गाठ. दुधाच्या ह्या एकाच दाढेला ती असते, मोठेपणीच्या कुठल्याच दाढेला नसते. ब्रश तोंडात तसाच ठेवून तो बघत राहिला. लोक माणसाला चेहऱ्यानं ओळखतात. त्याच्या लक्षात चेहरे राहत नसत, दात राहत. बायकोसुद्धा पहिल्यांदा भेटली तेव्हा घरी येऊन आईला काय सांगितलं होतं, तर म्हणे वरचा एक सुळा जरा पुढे आहे, पण शोभतो. आई कपाळाला हात लावून बसली होती.

"बाबा, ती माझी आहे," दारातून आवाज आला, आणि पोरीनं पुढे होऊन दाढ उचलून गणवेशाच्या खिशात टाकली. गेल्या आठवड्यात पडली तेव्हापासून ती दाढ पोरगी कुणाला फेकू देईना. जेवताना ताटाशेजारी, अभ्यास करताना वहीवर, सारखी बोटांत घेऊन फिरवणं चालू. बटणं, पेन्सिलींची टोकं, बाटल्यांची झाकणं, जे दिसेल ते खिशात साठवायची सवय, म्हणून तिला घरात सगळे खारू म्हणत.

"आज आमचा वर्ग येणार आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

"नीट बोल हं. बेकरीवाले काका केवढे छान बोलले होते. तू नुसता हं-हं करत बसशील."

"आणि शर्ट तरी बरा घाल," आतून बायको म्हणाली. "बाई येणार आहेत. नाहीतर त्यांना वाटायचं, ह्यांच्या घरात कुणी बाईमाणूस नाहीच."

तो हसला. हसता आलं ह्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. कालपासून जे सांगायचं होतं ते जिभेच्या टोकापर्यंत येत होतं आणि दातांशी अडकत होतं — रात्री दिवा मालवताना, सकाळी चहा ओतताना, आत्ता, शर्टाची बटणं लावताना… बायको समोरच उभी होती, कॉलर सरळ करत होती. आत्ता सांगावं. पण पोरगी बूट घालत दारात उभी होती, आणि आज तिचा दिवस होता. आज नको.

मालक काल वाईट बोलले नव्हते, हेच तर. वाईट बोलले असते तर भांडता आलं असतं. खुर्ची पुढे ओढून त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला, आणि खिडकीकडे बघत सांगितलं की आता दातांचे डॉक्टर लोक तोंडात साचा घेतच नाहीत, कॅमेरा फिरवतात, चित्र थेट दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात जातं, तिथे यंत्र दात कापून काढतं आणि दोन दिवसांत पुडकं हजर. पुढच्या महिन्यापासून आपणही तसंच करणार. हातकामाची टेबलं काढणार. पॉलिशला एखादा माणूस लागेल, पण ते… "ते तुमच्यासारख्याचं काम नव्हे. तुमचा हात म्हणजे हात आहे. तुम्हाला कुठेही मिळेल." कुठेही म्हणजे कुठे, हे त्यानं विचारलं नाही. त्यांनाही ते माहीत नव्हतं. चहा मात्र चांगला होता.

दात कोरून पोट भरत नाही, असं सासरे पहिल्या भेटीत म्हणाले होते आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले होते. नंतर त्यांची स्वतःची कवळी त्यानंच केली. शेवटच्या आजारात बाकी सगळं काढून ठेवलं, ती मात्र काढू दिली नाही. पोट भरलं की, सासरेबुवा. इतकी वर्षं भरलं.

कामावर टेबलाशी बसल्यावर नेहमीप्रमाणे त्यानं आधी स्पिरिटचा दिवा पेटवला. शेजारी मेण वितळवायची पितळी वाटी, कोरण्या, ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर एक चिठ्ठी. माणसं कधी दिसत नाहीत, जबडे येतात. ह्या बाई डावीकडूनच चावतात. हे गृहस्थ रात्री दात खातात, कुणावर कोण जाणे. आणि वर फळीवर तो काचेचा पेला… धूळ बसलेला, तळाशी मेणाच्या थोड्या दाढा.

उस्तादांनी कधी कुणाला 'छान' म्हटलं नाही. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते उस्ताद — बुटके, कायम सर्दी झालेले, बोलण्याचा आळस असलेले. शिकाऊ माणसानं कोरलेली दाढ ते दिव्यासमोर धरायचे, बोटांत फिरवायचे, आणि मग दोनच गोष्टी व्हायच्या. एक तर ती वितळणाऱ्या मेणाच्या वाटीत पडायची, नाहीतर फळीवरच्या पेल्यात. वाटी म्हणजे पुन्हा कर. पेला म्हणजे तू आमच्यातला झालास. बाकी भाषण नाही. त्याची दाढ पेल्यात पडली त्या दिवशी तो घरी चालत गेला होता, बस पकडायचं सुचलंच नाही. उस्ताद गेले, पेला त्याच्या टेबलाशी आला, आणि मग शिकायला येणारे हळूहळू कमी होत थांबलेच. ही गोष्ट त्यानं खारूला झोपवताना इतक्यांदा सांगितली होती की मध्ये एखादा शब्द चुकला तर ती डोळे मिटूनच दुरुस्त करायची. "आज पेल्यात कोण गेलं?" हे ती अजून जेवताना विचारते. कोणी नाही, बेटा. कोणी येतच नाही.

दुपारी जिन्यावर चपला-बुटांचा गोंधळ वाजला आणि चौथीचा वर्ग आत आला. आज 'कामाची ओळख' होती. महिन्यातून एकदा मुलांना कुणाच्या तरी आईच्या नाहीतर वडिलांच्या कामावर न्यायचं, असा बाईंचा उपक्रम. बेकरी झाली, छापखाना झाला, अग्निशामक केंद्र झालं — तिथून आल्यावर सगळा वर्ग आग विझवणार होता. बाई तरुण होत्या, उत्साही; मुलांना ओळीत उभं करताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मालकही मुद्दाम बाहेर येऊन उभे राहिले, हात मागे बांधून, लग्नघरातल्या काकासारखे.

तो बोलला. हं-हं न करता बोलला. साचा कसा घेतात, मेण कसं चढवतात, आणि दात अगदी सरळ, अगदी पांढरा केला तर तो खोटा का दिसतो, म्हणून थोडा डाग, थोडा तिरपेपणा मुद्दाम कसा ठेवायचा… मुलं गप्प ऐकत होती. खारू मागच्या बाजूला उभी होती, ओठ हलवत, त्याची वाक्यं त्याच्याआधी म्हणत. माणूस मेला की त्याचे दात तुम्ही परत घेता का, असं एकानं विचारलं आणि सगळे हसले. मग चष्मा लावलेली एक मुलगी पुढे आली. तिनं प्रश्न पाठ करून आणला होता. "मोठं झाल्यावर आम्हाला इथे काम मिळेल का?"

त्यानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी खिडकीकडे.

"का नाही," मालक म्हणाले. "मन लावून शिकलात तर नक्की."

बाईंनी ते फळ्यावर लिहितात तशा आवाजात पुन्हा म्हटलं, "मन लावून शिकलात तर." मुलांनी माना डोलावल्या. आणि मी? मीही डोलावली. समोर एवढी तोंडं, निम्म्यांच्या पुढच्या दातांत खिंडारं, सगळी आ वासून माझ्याकडे बघणारी… काय सांगणार होतो मी त्यांना? की पोरांनो, तुम्ही उशिरा आलात, दुकान आवरायला घेतलंय?

मग प्रत्येकाला मेणाचा एकेक तुकडा आणि बोथट कोरणी दिली. एक दाढ करून बघा. खोलीत एकदम शांतता, नाकानं श्वास घेतल्याचे आवाज. कुणाची दाढ बटाट्यासारखी झाली, कुणाची मुकुटासारखी; अग्निशामकवाल्यांपैकी एकानं गाडीच केली. तो टेबलांमधून फिरत राहिला, वा वा म्हणत राहिला. मुलांना म्हणायला हरकत नसते. बाईंनी सगळ्यांना आपापली दाढ कागदात गुंडाळून घरी न्यायला सांगितली.

खारूनं तिची गुंडाळली नाही. त्याच्या टेबलावर आणून ठेवली, दिव्याच्या शेजारी. दोन पावलं मागे सरकून उभी राहिली, हात खिशात घालून.

त्यानं ती उचलली. सवयीनं उजेडात धरली, फिरवली… आणि फिरवता फिरवता बोटं थांबली. खाचा जिथे हव्यात तिथेच होत्या. उंचवट्यांचे उतार खाली जाताना कुठे तुटत नव्हते. एकमेकांत मिसळत होते, पाणी वाहून जावं तसे. हे सांगून येत नाही. त्याला स्वतःला यायला दोन पावसाळे गेले होते, दाताच्या कण्या केल्या होत्या उस्तादांनी, म्हणजे त्यांच्या मानानं. आणि बुडाशी, गालाकडच्या अंगाला, ती फुगीर गाठ. तिनं तिची स्वतःची दाढ केली होती. आठवडाभर ताटाशेजारी, वहीवर, बोटांत फिरवत होती ती. तेव्हा ती शिकत होती आणि मी भात कालवत होतो.

आधी छाती भरून आली. ते खरं. डोळ्यांपुढे दिवा पसरट झाला. हात फळीकडे निघालाही होता, पेल्याकडे… आणि मध्येच त्याला ती दिसली. आत्ताची नव्हे, पुढची. चाळिशीतली, मानेत बाक आलेली, डोळ्यांखाली काळं, आणि कुणीतरी खुर्ची पुढे ओढून तिला बसवतंय, चहा मागवतंय, तुमचा हात म्हणजे हात आहे म्हणतंय. पेल्यात टाकली की ती आमच्यातली झाली. आमच्यातली म्हणजे कुणातली? आता कोण उरलंय? आणि खरं सांगायचं तर त्याला रागही आला, तिचाच. एवढी चांगली कशाला करायची? बटाटा करायचा होतास ना, बाकीच्यांसारखा.

हात वळला. दाढ वाटीत पडली.

ती लगेच बुडाली नाही. एका कडेनं मऊ झाली, मग तिचे उतार सपाट झाले, ती गाठ तेवढी थोडा वेळ वर राहिली. मग मेणात मेण.

बाई मुलांची रांग लावत होत्या; कुणाच्या लक्षातही आलं नाही. खारूनं पाहिलं. तिनं फक्त मान डोलावली, एकदाच — तिला गोष्ट पाठ होती. "तू बाबांबरोबरच जा हं घरी," बाई जाता जाता म्हणाल्या, "आणि उद्या सगळ्यांनी लिहून आणायचं, मी कोण होणार." मालकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "छान झालं," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

संध्याकाळी दोघं चालत निघाली. दुकानांचे दिवे लागत होते. ती फुगेल, रडेल, निदान दहा पावलं पुढे चालेल असं त्यानं धरलं होतं आणि त्याची तयारी करून ठेवली होती: आइस्क्रीम, एखादा विनोद, तू डॉक्टर हो ना, दात करणाऱ्यापेक्षा दात काढणाऱ्याला जास्त मान. रुसवा चार दिवसांत जातो. हात दुसऱ्या कशात तरी रमेल. लहान आहे. हे बरंच झालं, त्यानं मनाशी म्हटलं, कडू औषध एकदाच… ती मात्र त्याच्या बरोबरीनं चालत होती, विचार करत. मग म्हणाली,

"बाबा, कुठे चुकलं?"

आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. चौकशी होती. मी असाच विचारायचो. वाटीत पडली की असाच उभा राहायचो उस्तादांसमोर, आणि ते नाक पुसून नखानं जागा दाखवायचे, इथे, एवढंच, आणि रात्रभर मी तेवढी जागा मनात कोरत राहायचो. वाटीत टाकलं म्हणजे सुटलो असं वाटलं होतं त्याला. वाटी म्हणजे पुन्हा कर — गोष्ट त्यानंच सांगितली होती ना. आता तिला एक जागा दाखवायला हवी होती. त्यानं ती दाढ मनात पुन्हा उजेडात धरली, फिरवली, प्रत्येक उतारावरून खाली गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या, आणि आता एक सापडेना.

"ती गाठ," तो म्हणाला. "बुडाशी, गालाकडच्या अंगाला. दाढेला तशी गाठ नसते."

ती थांबली. खिशातून दाढ काढून एका दुकानाच्या उजेडात धरली, अगदी त्याच्यासारखी, दोन बोटांत, आणि अंगठ्याचं नख बुडापाशी फिरवलं. नख अडलं. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. त्याला वाटलं, आता ती म्हणेल, ही बघ, आहे. खोटं बोलतोस तू. म्हणू दे. त्यानं जवळजवळ वाटच पाहिली.

"मग माझी दाढच चुकीची असेल," ती म्हणाली.

दाढ तिनं त्याच्या हातावर ठेवली. "टाकून दे," म्हणाली, आणि पुढे चालू लागली, मोकळे हात हलवत. कोपऱ्यावरची कचऱ्याची पेटी आली आणि मागे पडली. त्याची मूठ मिटलेलीच होती. आत अंगठा त्या गाठीवरून फिरत होता, पुन्हा पुन्हा, सगळं जिथल्या तिथे होतं. आणि पुढे ती चालत होती, बोटं आता कशातच नव्हती, आणि ते एक वाक्य, दोन शब्दांचं, 'बरोबर होती', त्याच्या दातांशी येऊन थांबलं होतं, कालपासून अडकलेल्या त्या दुसऱ्या वाक्याच्या मागे.