टॅपेटची फट

"येतोय ना आवाज? टिक टिक टिक टिक. दुकानासमोर गाडी उभी केली, तर माझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटातही कळतो," टेलरबाई म्हणाल्या. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला त्यांनी ही जुनी गाडी ठेवली होती.

वस्तादांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. त्यांच्या गॅरेजची सगळी कीर्ती या एका गोष्टीवर होती. कुठला आवाज इंजिनात नेमका कुठून येतो, ते वस्ताद असे ऐकून सांगत. दुसऱ्या गॅरेजांनी हात टेकले की लोक गाडी नुसती ऐकवायला त्यांच्याकडे आणत. आज त्यांना घरघर ऐकू आली. टिकटिक नाही. त्यांनी टोक इकडून तिकडे सरकवलं, कान बदलून पाहिला. घरघर, बस.

"टॅपेट आहे," ते म्हणाले. "व्हॉल्व्हच्या डोक्यावर बारीकशी फट असते. ती वाढलीय. संध्याकाळी या."

हा शुद्ध अंदाज होता. ऑइल ठीक होतं, गाडी म्हातारी होती, आणि अशा गाड्यांत बहुधा तेच निघतं. वेळ मारून नेणं वस्तादांना गेल्या वर्षभरात चांगलं जमू लागलं होतं. बारीक, उंच आवाज आधी दूर गेले, मग नाहीसेच झाले. कुणाला सांगितलं नव्हतं. कान गेलेल्या वस्तादाकडे कोण कशाला येईल? पाने तर सगळ्याच गॅरेजांत असतात.

इंजिन थंड झाल्यावर त्यांनी झाकण काढलं. फट मोजायचं पोलादी पान प्रत्येक व्हॉल्व्हवर सरकवून, स्क्रू फिरवून, ठरलेल्या मापाला आणलं. अंदाज बरोबर निघाला होता. फटी खरंच वाढल्या होत्या. इथवर काम चोख होतं. मग त्यांनी इंजिन सुरू केलं आणि तिथंच गाडं अडलं. आवाज गेला की नाही?

मेहुणा दोन हातांवर ब्रेक उघडून बसला होता. गॅरेजमध्ये तो त्यांचा भागीदार, बायकोचा धाकटा भाऊ. "अरे, येतोय का रे अजून?" एवढं विचारलं असतं तर काम झालं असतं. पण वस्तादांनी विचारायचं आणि मेहुण्यानं सांगायचं, असं त्या गॅरेजात कधी झालं नव्हतं. वस्तादांनी इंजिन बंद केलं, झाकण पुन्हा काढलं आणि प्रत्येक स्क्रू आणखी थोडा आवळला. न जाणो, कुठे टिकटिक राहिली असली तर. ऐकू येणाऱ्या माणसानं असलं काही जन्मात केलं नसतं.

संध्याकाळी टेलरबाई भलत्याच खूश झाल्या. "अगंबाई! चालू आहे की बंद, तेच कळत नाही." वस्ताद हसले. त्या रात्री जेवण त्यांना गोड लागलं.

दोनेक महिन्यांनी तीच गाडी थरथरत दारात आली. चढावर दम टाकते म्हणाल्या बाई, आणि सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी हलते. गाडी ठेवून त्या दुकानात गेल्या. मेहुण्यानं इंजिन उघडलं आणि जरा वेळानं हाक मारली. वस्तादांना ती ऐकू गेली नाही. शेवटी तो उठून खांद्याला हात लावायला आला.

"दाजी, हे बघा. फटच नाही! पान सरकायलाच तयार नाही. व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता, आतल्या गरम गॅसनं कड जळून गेलीय. कुठल्या गाढवानं आवळलंय हे?"

"मी."

मेहुण्यानं तोंडात बोट घातलं. "तुम्ही? अहो, थोडा आवाज राहिलाच पाहिजे, अगदी मुकी गाडी लवकर मरते, हे मला कोणी शिकवलं?"

"गेला की राहिला, ते कळेना मला. ऐकू नाही आलं."

"त्या दिवशी?"

"वर्ष झालं."

मेहुणा तापट होता, पण या वेळी ओरडला नाही. नटांचा डबा उगाच इकडचा तिकडे केला. मग हळूच म्हणाला, आणि ते ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "बाईंना सांगू, पेट्रोल खराब होतं. त्यांना काय कळतंय!"

वस्तादांना ते पटलंही. दुपारभर त्यांनी वाक्य घोळवून ठेवलं. पण टेलरबाई आल्या, जळका व्हॉल्व्ह हातात घेऊन फाटका काठ तपासावा तसा फिरवून बघू लागल्या, आणि वस्ताद म्हणाले, "माझी चूक आहे, बाई. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. अंदाजानं आवळलं. नवा घालून देतो."

"मग तेव्हाच सांगायचं!" बाई भडकल्या. "मी दुसरीकडे नेली असती. आता कपडे काय डोक्यावर वाहू?" बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. बाईंचं काही चुकलं नव्हतं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मेहुणाच बहिणीला सांगून गेला होता. बायको दारातच उभी होती.

"वर्षभर?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे मी आतून हाक मारायचे, तेव्हा..."

"नाही यायची ऐकू."

ती खुर्चीवर बसली. "आणि मी समजले, माणूस कंटाळला मला. चार वेळा हाक मारली तरी ढिम्म. म्हटलं, जाऊ दे, कशाला जीव काढायचा. सोडून दिल्या हाका."

"मला वाटलं, तूच बोलेनाशी झालीस," वस्ताद म्हणाले. "काही लागलं असेल मनाला, म्हणून मी गप्प राहिलो."

"अहो, मग विचारायचं नाही का एकदा?" तिला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. वस्तादांनाही वाईट वाटलं, खूप वाटलं. पण दोघांनाही जेवायचं होतं, म्हणून ती उठली.

नवा व्हॉल्व्ह बसला त्या दिवशी ती गॅरेजात आली. मेहुणा म्हणाला, "ताई, तू कशाला? मी ऐकतो ना."

"तू गप रे. तू चावी फिरव."

इंजिन सुरू झालं. ती पदर सावरून वाकली आणि कान देऊन उभी राहिली.

"येतोय," ती मोठ्यानं म्हणाली. "बारीक."

"कसा? सारखा येतोय की मध्येच चुकतोय?"

"आता कसा सांगू!" तिनं जरा विचार केला. मग त्यांचं ऑइलनं काळं झालेलं मनगट हातात घेतलं आणि त्यावर नखानं आवाज वाजवून दाखवू लागली. भरभर, हलके, एकसारखे ठोके.

वस्ताद मनगटाकडे बघत राहिले. "बास. एवढा हवाच," ते म्हणाले. "बंद कर रे."

मेहुण्यानं चावी फिरवली. इंजिन थांबलं. तिचं बोट चालूच राहिलं, आणि वस्तादांनी हात काढून घेतला नाही.