हिरवी रेघ

...पण काजळी पडेना. काडतुसाची पितळी पुंगळी चिमटीत उलटी धरलेली, बुडाला ठिणगीची टोपी बसते ती एवढीशी खोबण, तिच्यात खरवडणीचं टोक – ऑरिनने आणखी दोन वेढे दिले, पुंगळी फडक्यावर ठोकली. फडकं कोरंच. उडालेल्या काडतुसाच्या खोबणीत काळी खपली असायचीच, ती काढल्याशिवाय नवी टोपी नीट बसत नाही; तळघरातल्या या बाकापाशी उभा जन्म त्याने हेच केलेलं, उडालेली काडतुसं पुन्हा भरणं. दुकानातली काडतुसं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं तो म्हणायचा.

दुसरी घेतली. हीही स्वच्छ... आणि बुडावरच्या लाल रेघेशेजारी हिरवी रेघ! नेमबाजीच्या मैदानात आपल्या पुंगळ्या ओळखू याव्यात म्हणून जो तो आपल्या रंगाची रेघ मारतो, ऑरिनची लाल. वर हिरवी ओढून कुणीतरी ढापायला बघत होतं.

"लोरेटा, हिरवी रेघ कोण मारतं गं? मैदानावरचा तो वेंडेल ना? लबाड लेकाचा!"

कोपऱ्यातल्या मशीनमधून चादरी काढणारी त्याची बायको क्षणभर थांबली. "मला काय ठाऊक तुम्हा लोकांच्या रेघोट्या," ती म्हणाली, आणि ओली चादर छातीशी धरून, डोळे मिटून तशीच उभी राहिली. किती वाळली आहे ही... कधीपासून?

तिच्या डोक्यावरच्या फळीकडे त्याचं लक्ष गेलं. बंदुकीच्या दारूच्या बाटल्या, टोप्यांची खोकी – तिथे आता जॅमच्या बरण्या होत्या. क्लेटनने, मुलाने, सगळं पिकअपमध्ये घालून नेलं होतं... का बरं? नाताळात टर्की कापताना क्लेटनने सुरी डाव्या हातात धरली होती. उजवा पट्टीत. मी भरलेलं काडतूस – एकातच दोनदा दारू – पिस्तूल त्याच्या हातात फुटलं. माझ्या पोराच्या हातात.

म्हणजे या पुंगळ्या आता कधीच भरायच्या नाहीत. मी साफ करून उजव्या डब्यात टाकतो, आणि मी वर गेलो की ही तो डबा डाव्यात ओतते. पोराला खेळायला बसवावं तसं! त्याला संताप आला. आणि उद्या यातलं काहीच आठवणार नाही. खूण करायला हवी. लाल नको, वेगळ्या रंगाची – उद्या साफ न केलेल्यांत ती दिसली की चोरी पकडली.

खणात मार्कर होता. टोपण काढलं. हिरवा... टोक झिजून पार बोथट झालेलं.

त्याने फडक्यावर रेघ ओढून बघितली: पुंगळीवरचीच हिरवी, आपलीच. वेंडेलचा काही दोष नव्हता.

"झालं का रे?" लोरेटाने विचारलं. आवाज जपून टाकलेला.

सांगावं? कळलंय मला, म्हणावं? मग मी इथे गुंतलेला असतो ती दुपारची एवढी घटकाही तिला माझ्यामागे धावत काढावी लागेल.

"कुठलं! डबाभर पडलंय अजून."

"असू दे. सावकाश कर."

त्याने टोपण लावलं, स्वच्छ पुंगळी उचलली, आणि तिला ऐकू जाईल अशी खरवडणी फिरवू लागला. तिला काही सांगायचं नाही, हे त्याने ठरवलं – आणि हे आपण याआधी किती वेळा ठरवलं असेल, ते काही केल्या त्याला आठवेना.