छत्री काळी एक, सोबत गोगलगाय एक

"गोगलगायी," दातबाई म्हणाल्या, "दहा."

पालक-शिक्षक संघाची सभा नेहमी तिसरीच्याच वर्गात भरायची, कारण बाकीच्या वर्गांना कुलूप असायचं आणि तिसरीचं कुलूप हरवलं होतं. तिथल्या बाकांवर बसलं की मोठ्या माणसाचे गुडघे थेट कानाशी यायचे. त्यामुळे संघाचे सगळे निर्णय, वीस-बावीस माणसं आपापले गुडघे ऐकत असल्यासारखी बसून घ्यायची.

"प्रत्येक इयत्तेची एक गोगलगाय," दातबाईंनी पुढे सांगितलं. "पहिली ते दहावी. आनंदमेळ्यात त्यांची शर्यत लावायची. मुलं आपापल्या वर्गाचं तिकीट घेतील. वाचनखोलीचे पंखे यातूनच येतील."

आणि टाळ्या वाजल्या.

छत्रीकाकांनी त्या नीट ऐकल्या. अकरा वर्षं ते या संघात होते. अकरा वर्षांत त्यांच्या बोलण्यावर एकदाच टाळी पडली होती. ती संघातल्याच बेकरीवाल्याने वाजवली होती आणि तिच्यात डास मेला होता.

"आणि सोडत?" त्यांनी विचारलं.

"आहे ना काका! तुमच्या छत्र्या आपण मागे लावू. सायकल स्टँडपाशी," दातबाई गोड हसल्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, मुलगा चौथीत होता, संघात येऊन तीन महिने झाले होते. हसल्या की वरचे-खालचे सगळे दात एका ओळीत दिसायचे, जणू त्यांनीही रांगेत उभं राहायचा फॉर्म भरला होता.

छत्रीकाका बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचे. बावीस वर्षं. लोक बसमध्ये काहीही विसरायचे, पण मुख्यतः छत्र्या. तीन महिने मालक आला नाही, की काका साहेबांना अर्ज करायचे आणि बेवारस छत्र्या शाळेच्या सोडतीला बक्षीस म्हणून न्यायचे. गावातले लोक तेच, बसही तीच, त्यामुळे दरवर्षी दोघा-तिघांना स्वतःचीच छत्री लागायची. मागच्या साली बेकरीवाल्याला लागली होती. "नशीब बघा," तो सगळ्यांना दाखवत फिरला होता, "अगदी माझ्या हरवलेलीसारखी! दांड्याला चावल्याच्या खुणासुद्धा तशाच!"

आणि आता सायकल स्टँडपाशी.

सभा संपताना दातबाईंनी फॉर्म वाटले. छापील, खाली रेघ मारलेले. 'सभासदाचे नाव. व्यवसाय. पाल्याचे नाव व इयत्ता.'

"यादी एकदा नीट करून टाकू," त्या म्हणाल्या. "आपला नियमच आहे ना, सभासद म्हणजे शाळेत मूल असलेला."

काकांनी फॉर्मची घडी घातली. मग घडीची घडी घातली. एवढा लहान झाला की शर्टाच्या खिशात तो बसच्या तिकिटासारखा मावला.

कारण त्यांच्या लेकीने दहावी करून शाळा सोडली त्याला तीन वर्षं झाली होती. ती आता दुसऱ्या शहरात शिकत होती आणि रविवारी फोन करायची. हे कुणी विचारलं नव्हतं आणि काकांनी सांगितलं नव्हतं. तसे ते संघात आलेही चुकूनच. लेक तिसरीत असताना तिने बाकावर कर्कटकाने छत्री कोरली, म्हणून वर्गाच्या बाईंनी वडिलांना बोलावलं. काका वार चुकले. वर्गात आले तर सभा चालू. ते गुडघे कानाशी घेऊन बसले, आणि उठले तेव्हा सोडतीचे प्रमुख होते. ती कोरलेली छत्री अजून खिडकीजवळच्या बाकावर होती. काका दर सभेला तिथेच बसायचे.

"पोट दुखतंय," घरी आल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"इथे."

"तिथे नाही दुखत आहे तुमचं," ती म्हणाली. "त्या दातवालीच्या घरी दुखतंय. काय केलं तिने?"

"गोगलगायींची शर्यत काढलीय. याला काय कल्पना म्हणतात? उद्या म्हणेल कासवांना गाणं शिकवू."

"चांगली आहे की. मी बघायला येईन."

"माझी सोडत बघायला आलीस कधी?"

"अहो, घरात सात छत्र्या आहेत. आणि आपली पोर शाळा सोडून तीन वर्षं झाली. तुम्ही कधी सोडणार?"

काकांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. बोलायचं टाळायला जेवणासारखं दुसरं काही नाही.

दोन दिवसांनी डेपोत कंडक्टरने एक ओली काळी छत्री खिडकीतून आत सरकवली. काकांनी ती उघडली, तर आतल्या काडीला एक गोगलगाय चिकटलेली. कंडक्टर म्हणाला, "झटकून टाका." काकांना ते पटेना. वस्तू जशी आली तशी नोंदवायची, हा या खिडकीचा कायदा होता. एकदा त्यांनी जोड्यातला एकच बूट तीन महिने जपला होता. त्यांनी वही उघडून लिहिलं: 'छत्री काळी, एक. सोबत गोगलगाय, एक. अवस्था चांगली.'

लिहिता लिहिता त्यांच्या मनात पाप आलं. दातबाईंच्या दहा गोगलगायी. त्यांत एक अकरावी घुसली, आणि तीच पहिली आली, तर?

आठवडाभर त्यांनी तिला तयार केलं. वहीचं पान ओल्या फडक्याने पुसून तिला 'अनुक्रमांक'च्या रकान्यावर ठेवायचे आणि 'शेरा' येईपर्यंत घड्याळ बघायचे. सोमवारी एकोणीस मिनिटं लागली, गुरुवारी चौदा. गिऱ्हाईक आलं तर काका बोट ओठांवर ठेवायचे. एका बाईंची पर्स सापडली होती, तरी त्यांना शर्यत संपेपर्यंत थांबावं लागलं.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. अकराच्या सुमाराला खिडकीतून ऊन टेबलावर यायचं. ऊन आलं, पान सुकलं, की गोगलगाय जिथे असेल तिथे आत जाऊन दार लावून घ्यायची. मग साहेब आला तरी बाहेर नाही. काकांनी फुंकर मारून पाहिली, विनंती करून पाहिली. सावली केली आणि पाण्याचा हात लावला, की मात्र दोन शिंगं हळूच बाहेर.

पुढच्या सभेत दातबाईंनी फळ्यावर नकाशा काढला. "शर्यत बारा वाजता. मधल्या सिमेंटच्या मैदानावर. उन्हात फोटो छान येतात."

काकांनी तोंड उघडलं. समोर दातांची डॉक्टर होती, म्हणून लगेच मिटलं.

"काका, काही म्हणालात?"

"नाही, नाही. जांभई."

घरी जाताना त्यांना बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. इतकं बरं वाटणं चांगलं नसतं, हे त्यांना कळत होतं, पण त्यांनी वाटेत पेरूसुद्धा घेतला आणि शीळ घालत खाल्ला.

मेळ्याच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सायकल स्टँडपाशी काकांनी सदतीस छत्र्या मांडल्या. अकरा वाजेपर्यंत तिथे एक माणूस आला आणि त्याने सायकल कुठे लावू म्हणून विचारलं. मैदानावर मात्र सगळी शाळा लोटली होती. बायकोही तिकडेच होती. तिने पाचवीचं तिकीट घेतलं होतं.

पावणेबाराला काका ओल्या फडक्यात गोगलगाय ठेवलेली पत्र्याची डबी खिशात घालून नोंदणीच्या टेबलाशी गेले. तिथे ड्रिलचे सर बसले होते. काकांनी डबी उघडून दाखवली.

"अरे वा, काका! तुमचीपण? इयत्ता?"

खिशातल्या फॉर्मची घडी छातीला टोचली.

"इयत्ता सांगा की. पाटीवर लिहायचीय."

"नाही," काका म्हणाले, "ही नुसती बघायला आलीय."

बाराला शिट्टी वाजली. दोन हात लांबीची, खडूने आखलेली दहा घरं, दहा गोगलगायी. ड्रिलच्या सरांनी कर्णा तोंडाला लावला. "आणि निघाल्या! दहावी आघाडीवर! दहावी... दहावी थांबली आहे. सातवी पुढे... नाही, सातवीपण थांबली. सगळ्याच थांबल्या आहेत. आपण बघत राहू या."

सगळे बघत राहिले. सिमेंट तव्यासारखं तापलं होतं. दहाच्या दहा गोगलगायी शंखात शिरल्या, आणि मैदानावर कुणाच्या तरी कोटाची बटणं पडल्यासारख्या दिसू लागल्या.

"झोपल्या वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"मेल्या," बेकरीवाला म्हणाला. त्याला धीर देता येत नसे.

पहिलीची पोरं हे ऐकून एका सुरात रडायला लागली. मागून कुणीतरी तिकीट परत घेणार का, असं विचारलं. मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं.

काका गर्दीत उभे होते आणि त्यांच्या पोटात, बऱ्याच दिवसांनी, काहीही दुखत नव्हतं.

दातबाई गुडघ्यांवर बसल्या. पहिलीच्या शंखाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं. काही दुखणार नाही. थोडंसंच उघडायचंय. शाबास." शंख उघडला नाही. मग दुसरीच्या शंखाशी गेल्या. "थोडंसंच." लोक हसले. त्यांचा चौथीतला मुलगा दुसरीकडेच बघू लागला. त्या मान वर करून कुणाला तरी शोधत होत्या, आणि नजर काकांवर येऊन थांबली.

काकांना तो चेहरा ओळखीचा होता. बावीस वर्षं तो रोज त्यांच्या खिडकीत यायचा. वस्तू गेली याचं दुःख कमी, आणि आपल्या हातून गेली याची लाज जास्त. असा चेहरा दिसला की काकांचा हात आपोआप मागच्या फळीकडे जायचा. डोक्याला कुणी विचारायचंच नाही.

ते सायकल स्टँडकडे गेले. पळाले म्हणता येणार नाही, पण त्यांच्या वयाच्या माणसाला शोभेल त्याहून वेगात गेले. दोन फेऱ्यांत सदतीस छत्र्या मैदानावर आल्या.

"उघडा," ते पोरांना म्हणाले. "गोल धरा. ऊन आत यायला नको. आणि पाणी आणा रे, नळावरून. ओतायचं नाही, शिंपडायचं!"

सदतीस छत्र्या एकमेकींना टेकल्या. कुणाच्या काड्या मोडक्या, कुणाला ठिगळ, एक लहान मुलीची, झालर लावलेली. खाली गार काळोख झाला. सगळे उकिडवे बसले, गुडघे कानाशी. बराच वेळ काही झालं नाही. मग पहिलीचं कुणीतरी कुजबुजलं, "शिंग."

शर्यत पन्नास मिनिटं चालली. आठवी नववीच्या अंगावर चढली. पाचवी उलटी फिरून सुरुवातीच्या रेघेला पहिली आली, आणि काकांची बायको हे जिंकणंच आहे म्हणून भांडली. दुसरी जिंकली. तेवढ्यात बेकरीवाला हातातल्या छत्रीचा दांडा निरखत ओरडला, "अरे, ही तर माझी! पुन्हा!" वस्तू मिळाल्याची सही काकांनी त्याच्याकडून तिथेच घेतली.

मुख्याध्यापिकांनी कर्णा घेतला. "छत्र्यांची ही सुंदर योजना ज्यांनी आखली, त्या आपल्या दातबाईंसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या खरोखरच जोरदार होत्या. दातबाई हात हलवून "नाही, नाही, काकांनी" म्हणत होत्या. लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी आणखी वाजवल्या.

मैदान रिकामं झालं तेव्हा काका तिसरीच्या वर्गात छत्र्या मिटत बसले होते. दातबाई आल्या आणि शेजारच्या बाकावर बसल्या.

"काका, तुमचा फॉर्म राहिलाय."

काकांनी खिशातून घडी काढली आणि उलगडत गेले. उलगडायला बराच वेळ लागला. नाव होतं. व्यवसाय होता. पुढची ओळ कोरी होती.

"माझी पोर तीन वर्षांपूर्वीच गेली इथून," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. शाळेच्या यादीत शोधली मी. दोनदा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात, उन्हाचं?" त्यांनी काकांच्या खिशाकडे बोट केलं. "नोंदणीच्या टेबलाशी पाहिलं मी. तुमच्या डबीत ओलं फडकं आहे. माझ्या दहाही डब्यांत कोरडा कागद होता."

कोरलेल्या छत्रीवरून काकांनी अंगठा फिरवला. आठ काड्यांतल्या सहाच कोरून झाल्या होत्या. तेवढ्यात लेकीला वर्गाच्या बाईंनी पकडलं असणार.

"पुढच्या वर्षी या ना," दातबाई म्हणाल्या.

"कुणाच्या नावावर?"

त्या खरोखरच विचार करू लागल्या. त्या चांगल्या होत्या, आणि हेच काकांना शेवटपर्यंत सहन झालं नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "ज्याची वस्तू नाही त्याच्या हातात मीसुद्धा देत नाही. फक्त अर्ज जूनमध्ये करा साहेबांकडे. उशीर केला की चांगल्या छत्र्या अनाथाश्रमाला जातात."

बाहेर पडताना नळापाशी, ओल्या भिंतीवर, त्यांनी डबी उघडी ठेवली. बायको फाटकाशी उभी होती. "चला," ती म्हणाली, "मला ऊन लागतंय." काकांच्या हातात एकही छत्री नव्हती.

सोमवारी खिडकी उघडल्यावर त्यांनी आधी वही काढली. काळ्या छत्रीला तीन महिने व्हायचे होते. ती फळीवर ठेवली. मग त्याच ओळीत शेवटच्या रकान्यावर आले. पानावर एक वाळलेली चकचकीत रेघ होती, अनुक्रमांकापासून निघालेली. तिच्यावर शाई उमटेना, म्हणून काकांनी जरा खाली, बारीक अक्षरात लिहिलं:

'शेरा: गोगलगायीस मालक आला नाही. आपली आपण, सावकाश, निघून गेली. अवस्था चांगली.'